झेप मोठी पण गाणं पडलं: लिहिणाऱ्याने दाद कशाला द्यायची?

संत्राबाग:
मंडळी, गावात माझ्यावर अर्धे लोक चिडून बसले आहेत म्हणून इथे विचारतो. इथे दगड मारला तरी लागणार नाही.

मी आमच्या तालुक्याच्या एका साप्ताहिकात भजन, कीर्तन, गाण्याच्या कार्यक्रमांवर लिहितो. हौस म्हणून. मानधन म्हणाल तर पुढच्या रांगेतली खुर्ची आणि मधात एक कट चहा. मागच्या पंधरवड्यात शेजारच्या गावी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची भजन स्पर्धा होती. अकरा मंडळं, प्रत्येकाला वीस मिनिटं, दोन भजनं. रात्री नऊला बसलो ते पहाटे साडेतीनला उठलो. पहिलं बक्षीस गावातल्याच जुन्या मंडळाला गेलं. सगळे साठीच्या पुढचे, पण टाळ असा पडतो की वाटते एकच माणूस वाजवून रायला. एक सूर इकडचा तिकडे नाही. आणि एक चालही नवीन नाही. मी कॉलेजात असताना जे भजन ऐकलं तेच, त्याच जागा, त्याच ठिकाणी मान डोलवणं.

त्यांच्यामागून कॉलेजच्या पोरांचं एक मंडळ बसलं. पहिला अभंग भूप रागात, काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा सा. दुसऱ्या चरणानंतर पेटीवाल्या पोराने काय करावं, अख्खा षड्जच, म्हणजे सा, उचलून काळी तीनवर नेला! म्हणजे जुन्याचा मध्यम तो नवा सा. आणि तो सा पेटीवर अखंड धरून ठेवला, तानपुरा लावल्यासारखा. मी खुर्चीत पुढे सरकलो. पण गाणारे दोघं, त्यातल्या एकाला उमगलं, दुसरा जुन्याच सा वर, तबला जुन्याच सुरात, कोरस फुटला, वरच्या चरणाला आवाज फाटला, तालाची सम गेली ती परत आलीच नाही आणि शेवटी अभंग कसाबसा गुंडाळला. मांडवात हशा. दुसरं भजन श्रवणीय झालं. नंबर अर्थातच नाही.

मी लिहिलं की बक्षीस योग्य मंडळालाच गेलं, पण रात्र पोरांची होती. फसले, पण केवढ्या उंचीवरून फसले. बस्स, एवढंच. तर दुसऱ्या दिवशी टपरीवर जुन्या मंडळाचे तबलजी भेटले, वयाने मला काकाजी लागतात, ते म्हणाले, "चाळीस वर्सं सुरात वाजवलं, चुकलंच म्हना आमचं." चहा तसाच ठेवून गेले.

तेव्हापासून विचार करतो आहे. परीक्षकाचं सोडा, त्याच्याकडे मार्कांचा कागद असतो. पण जो लिहितो त्याने हिमतीला दाद द्यावी की कानावर जे पडलं त्याला?

वऱ्हाडी_ठेचा:
मांडवातले लोकं हासले न भाऊ? झालं मंग समीक्षण.

तुरीचं_वरण:
संत्राबागभाऊ, राग नका मानू, पन मी कापूसवाला मानूस हाव, मले एकच समजते. कापूस खरेदीच्या सेंटरवर गाडी नेली का ग्रेडर मुठीत कापूस घेते, धागा वढून पाह्यते, ओलाव्याचं मशीन लावते. ८ टक्क्याच्या वर गेला का भाव कापते, १२ च्या वर त गाडी वापसच. त्यानं मले आजपर्यंत कधी इचारलं नाही का तू रातच्या लायनीवर किती वाजता पानी देलं, कोन्तं नवीन बियाणं लावून पाह्यलं, बोंडअळीनं किती खाल्लं. अन् मले त्याचा रागबी येत नाही. त्याचं काम मुठीतला कापूस पाह्याचं हाय.

तुमचं काम कानातलं गानं पाह्याचं हाय. पोरायची मेहनत त्यायची माय पाहीन.

पुण्यातला_वाशीमकर:
तुरीचं_वरण, उपमा झकास पण कापसाचं उदाहरण इथे तुटतं. कापूस दरवर्षी तोच चांगला असतो, गाण्यात 'चांगलं' कशाला म्हणायचं तेच बदलत राहतं आणि ते बदलणारे लोक पहिल्यांदा बहुतेक वेळा आपटतातच.

पाश्चात्त्य संगीतातलं सांगतो. बीथोव्हेनने १८२५-२६ च्या सुमारास चार तंतुवाद्यांच्या एका चौकडीच्या शेवटी एक प्रचंड लांब, कर्कश वाटणारा फ्यूग लिहिला, म्हणजे एकच धून वेगवेगळी वाद्यं एकामागून एक उचलतात तो प्रकार. लोकांच्या डोक्यावरून गेला. प्रकाशकाने गळ घातली की शेवट दुसरा लिहून द्या आणि हा वेगळा छापू. बीथोव्हेनसारख्या हट्टी माणसाने चक्क ऐकलं. आज तोच फ्यूग त्याच्या काळाच्या सगळ्यात पुढे असलेल्या कामांमध्ये मोजतात. बिझेचं उदाहरण तर त्याहून वाईट. त्याचा 'कार्मेन' हा ऑपेरा मार्च १८७५ मध्ये पॅरिसला आला, टीकाकारांनी झोडपला, आणि तीन महिन्यांनी बिझे वारला. वय ३६. जगातल्या सगळ्यात जास्त होणाऱ्या ऑपेरांपैकी तो एक आहे हे त्याला कळलंच नाही. त्या वेळी कोणी एकाने 'फसलं असेल पण झेप बघा' असं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

कापूसकोंड्या:
तीन महिन्यांनी वारला म्हणता. आमच्या तबलजी काकाजींनी चहा सोडला तर तुम्ही धागा काढला. इथे कोणाचा जीव गेला तर जबाबदारी ॲडमिनची राहील.

वऱ्हाडी_ठेचा:
@पुण्यातला_वाशीमकर वाशीम सोडून किती दिवस झाले भाऊ? बीथोव्हेन पोहोचला पन पोह्यावरची तर्री राहिली का तिकडेच?

पुण्यातला_वाशीमकर:
तर्रीचा विषय काढू नका. इथे पोह्यांवर खोबरं टाकतात. ती पण एक कलात्मक महत्त्वाकांक्षाच म्हणायची.

झाडीपट्टीकर:
पोह्यांवर खोबरं हा गुन्हा आहे, त्यावर सगळ्यांचं एकमत असावं.

आता मुद्द्याचं. मी ब्रह्मपुरीकडचा, आमच्याकडे दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजची नाट्यमंडळं गावोगाव फिरतात, रात्री दहाला पडदा वर जातो तो पहाटेच उतरतो. दिवसा शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, रात्री नाटक, घरात पाहुणेच पाहुणे. बाहेरून आलेला माणूस म्हणते की यात काय कला, सगळं ठरलेलं, रडणं ठरलेलं, कॉमेडी ठरलेली, गाण्याच्या जागा ठरलेल्या. पण थंडीत घोंगडी गुंडाळून बसलेल्या दोन-तीन हजार लोकांना पहाटे चारपर्यंत जागं ठेवून दाखवा. ऑर्गनवाला जर एक प्रवेश झोपला तर मागून पब्लिक सांगते त्याला. आमच्याकडे एका कंपनीने एकदा 'वेगळं' नाटक आणलं होतं, गाणी नाही, मध्येच सगळे गप्प उभे. बाराला अर्धा मंडप रिकामा. उरलेले लोक झोपले म्हणून उरले होते. आता ती कंपनी महत्त्वाकांक्षी होती म्हणून मी तिला चांगलं म्हणू का? आणि जी कंपनी शंभर प्रयोग करून एकाही रात्री पडत नाही तिच्यात काहीच महत्त्वाकांक्षा नाही?

आणि शंकरपटाचंच घ्या. घड्याळ लावलं की जोडी किती सेकंदात पोचली तेवढंच. बैल मनाने किती धावला हे कोणी विचारत नाही.

मूर्तिजापूर_जंक्शन:
पट आता परत जोरात सुरू आहेत का तुमच्याकडे? मधात २०१४ ला बंदी आली तेव्हा आमच्या मामाजींनी जोडी विकली होती, २०२१ ला कोर्टाने परवानगी दिली तोवर त्यांचे गुडघे गेले.

झाडीपट्टीकर:
जोरात. बक्षिसाला आता मोटारसायकल ठेवतात. पण ते दुसऱ्या धाग्यावर बोलू, नाहीतर ॲडमिन ओरडतील.

मूर्तिजापूर_जंक्शन:
बरोबर. विषयावर येतो. आमच्या गावचं नाव निघाल्याशिवाय संगीताचा धागा पूर्ण होऊ नये म्हणून सांगतो की गायक वसंतराव देशपांडे इथले, जन्म १९२०. लहानपणी नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे शिकले, पुढे लाहोरला जाऊन शिकले, अनेकांकडून घेतलं. एका घराण्याचा शिक्का नाही म्हणून नाक मुरडणारे बरेच होते. किती वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत गायले. १९६७ ला 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक आलं तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. म्हणजे बघा, एवढी वर्षं लिहिणारे लोक 'हा कोणत्या खणात बसतो' एवढंच शोधत होते. संत्राबागसारखा कोणी पंचवीस वर्षं आधी भेटायला पाहिजे होता.

झेप आणि निकाल म्हणाल तर आमच्या गावची रखडत चालणारी शकुंतला रेल्वे आठवते. झेप यवतमाळची, निकाल कधीतरी.

पांढरी_चार:
मूर्तिजापूरकर, वसंतरावांचं उदाहरण उलट्या बाजूने लागतं. त्यांचं गाणं कधी पडत नव्हतं. ऐकणाऱ्याला पटत नसेल, ते वेगळं. कुमार गंधर्वांचंही तेच. क्षयाने कित्येक वर्षं गाणं बंद, देवासला अंथरुणावर, त्यानंतर गाणं बदलून परत उभे राहिले, लोकांनी वाद घातले, भांडले, पण सूर? सुराबद्दल बोलायची कोणाची टाप नव्हती. आजकाल ज्याचा तार सप्तकात आवाज फाटतो तो म्हणतो कुमारांवरही टीका झाली होती. अरे बाबा, टीका झालेला प्रत्येक जण कुमार नसतो. टीका झाली आणि विसरले गेले असे किती असतील, त्यांची यादी कोण ठेवते?

वाशीमकरांनाही तेच. बिझे, बीथोव्हेन सांगितले, पण त्याच वर्षी पॅरिसमध्ये पडलेली बाकीची कामं सांगा की. ती पडली ती पडलीच.

आता संत्राबाग यांना दोन गोष्टी. मी तीस वर्षं पेटी वाजवतो म्हणून बोलतो. एक, तबल्याला उगाच दोष दिला तुम्ही. तबला काळी एकला लागलेला असेल आणि सा काळी तीनवर गेला तर तबला नव्या सा च्या पंचमाला येतो. पंचमाचा तबला चालतो, कितीतरी लोक लावतात. पुढच्या अंकात दुरुस्ती टाका. दोन, भूप काळी तीनवरून घेतला की नुसत्या पाच काळ्या पट्ट्या लागतात, पांढरीला हातच लागत नाही. शिकाऊ पोरगंसुद्धा डोळे मिटून वाजवते. म्हणजे पेटीवाल्याने फार मोठं काही केलं नाही, मरण गाणाऱ्याच्या गळ्याचं. आणि ठरवून केलेलं असतं तर दोन्ही गाणाऱ्यांना माहीत नसतं का? एकाला माहीत अन् एकाला नाही, हा कसला प्रयोग? मला त्यात तालीम दिसत नाही.

संत्राबाग:
तबल्याचं मान्य. लाज वाटली वाचून. इतकी वर्षं लिहितो आणि हे सुचलं नाही. पण तालीम कमी पडली म्हणून कल्पना खोटी होत नाही ना पांढरी_चार? अख्खा सा हलवणं हे आमच्या भागातल्या भजन स्पर्धेत मी कधीच ऐकलं नव्हतं.

पांढरी_चार:
कधीच ऐकलं नव्हतं हे कारण पुरत नाही. मी मांडवात खुर्चीवरून पडलो तर तेही कोणी कधी ऐकलं नसेल.

(जाता जाता, पेटीवर बोलतोच आहोत तर. आकाशवाणीने पेटीला १९४० पासून दरवाजा बंद केला होता, १९७१ पर्यंत. कारण काय, तर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, सूर आपले नाहीत. तोवर खेड्यातल्या एकाही भजन मंडळाने पेटी सोडली नाही. लिहिणारे, ठरवणारे एकीकडे आणि टाळवाले एकीकडे. टाळवाले जिंकले.)

खंजेरीवाली:
मी बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. आमचं महिलांचं भजन मंडळ आहे, बावीस बाया. तीन वर्षांपूर्वी आम्ही स्पर्धेत एक भजन खंजेरीवर धरलं, नेहमी आमच्याकडे पेटी अन् टाळच असते. बोटं सुजली होती शिकताना. खंजेरी आमच्याकडे तुकडोजी महाराजांमुळे घराघरात, कीर्तनकार सत्यपाल महाराज तर एकटेच सात खंजेऱ्या वाजवतात, पण बाईने वाजवली की लोक आधी बोटांकडे अन् मंग पदराकडे पाहातेत. आमचा ठेका एका ठिकाणी सुटला. तेव्हा पेपरात काय आलं माहीत आहे? 'महिला मंडळाने आपल्या मर्यादेत राहून सादरीकरण करावे.' मर्यादा! आम्ही फसलो तर आगाऊपणा, कॉलेजची पोरं फसली तर झेप.

म्हणून मला हा प्रश्नच वेगळा वाटतो. हिमतीला मार्क द्यायचे असतील तर द्या, पण हिंमत कोणाची तुम्हाला दिसते अन् कोणाची दिसत नाही हे आधी पाहा. निकाल निदान सगळ्यांच्या कानाला सारखा ऐकू येतो.

झेडपीचा_मास्तर:
ताई, तुमचं वाचून गप्पच झालो. शंभर टक्के.

कापूसकोंड्या:
संत्राबाग, ते 'मर्यादेत राहून' तुम्हीच लिहिलं होतं का हो? खरं सांगा.

संत्राबाग:
नाही बाप्पा. आमच्या साप्ताहिकाचं नाही ते. पण मी लिहिलं नसतं असं छातीठोक सांगता येत नाही, हेही खरं.

झेडपीचा_मास्तर:
मी शाळेत बावीस वर्षं वक्तृत्व, समूहगीत, नाटुकली सगळ्याचा परीक्षक राहिलो आहे, त्यामुळे थोडं मार्कांचं सांगतो. ऑलिम्पिकमध्ये डायव्हिंग पाहिलं असेल. तिथे उडीचा अवघडपणा आधीच ठरलेला असतो, त्याचा आकडा असतो, आणि परीक्षकांच्या मार्कांना त्या आकड्याने गुणतात. गुणतात हं, मिळवत नाहीत. म्हणजे अवघड उडी चांगली मारली तर खूप मिळतात, आणि सपाट पोटावर पडलात तर अवघडपणाला गुणून गुणून शून्याचं शून्यच. जिमनॅस्टिक्समध्ये २००६ पासून अवघडपणाचे वेगळे आणि सफाईचे वेगळे मार्क, दोन्हीची बेरीज. मला हा बेरीज-गुणाकाराचा फरक फार आवडतो. संत्राबाग बेरीजवाले आहेत, तुरीचं_वरण गुणाकारवाले.

पण त्यात एक गोम आहे. डायव्हर उडी मारायच्या आधी लिहून देतो की मी अमुक उडी मारणार. गाणारा काही लिहून देत नाही. त्याने काय करायचं ठरवलं होतं हे आपण ऐकून ओळखतो आणि आपल्या मनाने आकडा लावतो.

आणि आपल्याकडे यावर उपाय केव्हाच निघाला आहे, त्याचं नाव उत्तेजनार्थ.

वऱ्हाडी_ठेचा:
उत्तेजनार्थ बक्षीस म्हनजे स्टीलचा डबा. माह्या घरी चार हायेत. एकात साखर, एकात तंबाखूचा खर्रा.

खंजेरीवाली:
खर्रा डब्यात ठेवता अन् गळा राहत नाही म्हणता.

अमरावतीकर_आजोबा:
तरुण मंडळींनो, एक नाव कोणी घेतलं नाही म्हणून टंकतो, हळूहळू. केशवराव भोळे. आपल्या अमरावतीतच जन्मले. 'एकलव्य' या नावाने गाण्यावर लिहायचे, मोठमोठ्या गवयांवर. आणि नुसते लिहिणारे नव्हते, प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटाचं संगीत त्यांचंच. चाल बांधणं काय असतं हे ज्याला ठाऊक आहे तो दुसऱ्याच्या गाण्यावर लिहितो तेव्हा कुठे हात थांबवायचा आणि कुठे कान धरायचा ते त्याला कळतं. माझा अनुभव असा की ज्यांनी स्वतः कधी मांडवात बसून पहिला सा लावला नाही ते दोन प्रकारचे होतात. एक सगळ्यांना नावं ठेवणारे, दुसरे सगळ्या गोंधळात काहीतरी थोर बघणारे. संत्राबाग, आपण गाता का?

संत्राबाग:
आजोबा, आरतीत टाळ वाजवतो. तोही मागच्या रांगेत.

कापूसकोंड्या:
निकाल लागला. दुसऱ्या प्रकारचे.

टाळकऱ्याचा_पोरगा:
मी त्याच गावचा. जुन्या मंडळात माहे बाबा टाळ धरतेत. संत्राबागसर, तुमचं छापलेलं बाबानं दोनदा वाचलं अन् घडी करून देवघरातल्या फळीवर ठेवलं, फाडलं नाही, हे आधी सांगतो.

तुमी लिहिलं का एक चालबी नवीन नाही. बरोबर हाय. पन एक सांगतो. मी लहान होतो तेव्हा हे लोकं पांढरी चारमंधी गायचे. मंग पांढरी तीन झाली. मंग गाणाऱ्या काकाजींचे दात गेले त काळी दोन. आता काळी एक. दरवेळी पट्टी उतरली का सगळी चाल परत बसवा लागते, खालच्या जागा आवाजाच्या बाहीर जातेत, त्या फिरवा लागतेत, अन् ऐकणाऱ्याले समजलं नाही पाह्यजे का काही बदललं. दोघं जण वारले, त्यायच्या जागी नवीन बसवले. रोज रात्री हनुमानाच्या पारावर तालीम, पाऊस असो का थंडी. त्यायचा सगळा जोर एकाच गोष्टीत चालला हाय का म्हातारपण गाण्यात ऐकू नाही आलं पाह्यजे.

याले तुमी झेप म्हना नाही त नका म्हनू. तुमाले ते सगळं जसंच्या तसं वाटलं, म्हणजे त्यायचं जमलं.

संत्राबाग:
...

काय लिहू. उद्या सकाळी टपरीवर जाऊन काकाजींचा तो चहा पाजून येतो आधी.

तुरीचं_वरण:
मी सांगत होतो न. मुठीतला कापूस.

पुण्यातला_वाशीमकर:
नाही हो तुरीचं_वरण, हे तर तुमच्याविरुद्ध जातं! टाळकऱ्याच्या पोराने आत्ता सांगितलं ते तुमच्या ग्रेडरला कधीच दिसलं नसतं. त्याने धागा ओढून 'ठीक आहे' म्हणून पावती फाडली असती. आतलं माहीत झाल्यावरच आपलं मत बदललं ना?

तुरीचं_वरण:
मत तुमचं बदललं. माहं पहिल्यापासून त्यायलेच पहिला नंबर होता. 😄

भात्यावरचा_हात:
नमस्कार. नवीन आयडी काढली आत्ताच. मित्राने हा धागा पाठवला. मीच तो पेटीवाला.

सर, तुमचं लिहिलेलं आम्ही ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी स्टेटसला ठेवलं, माझ्या मायनं कात्रण काढून कपाटाले चिपकवलं. म्हणून सांगायले फार कसंतरी वाटते पण पांढरी_चार सरांनी बरोबर पकडलं. तो प्रयोग नव्हता. पेटी जुनी आहे, शाळेतून मागून आणलेली. दुसऱ्या चरणाला माझं बोट घसरून काळी तीनवर गेलं अन् ती पट्टी दबली ते दबलीच, आतली स्प्रिंग तुटली होती. भाता मारला की तो सूर वाजतेच. भूपात मध्यम नाही, अन् काळी एकचा गंधार म्हणजे पांढरी चार, बरोबर तिच्या बाजूची, त्यामुळे गंधार वाजवला की शेजारी हे कोकलते. पट्टी उचलून पाहिली, निघेना. स्टेजवर भाता थांबवता येत नाही. मग मला सुचलं की हा सूर वाजणारच आहे तर यालेच सा करू. डोळ्यांनी खुणावलं, एकानं पाहिलं, एकाचे डोळे मिटलेले होते, तो भक्तीत होता 😅. तुम्ही लिहिलं न की सा तानपुऱ्यासारखा अखंड धरून ठेवला. सर, तो मी धरला नव्हता, तो सुटत नव्हता.

पण एक सांगायचं आहे. आमचा प्रयोग होता. तो दुसऱ्या भजनात होता.

माझ्या आजीची जात्यावरची ओवी आहे, तिची चाल. जातं आता कोपऱ्यात पालथं पडलं आहे पण आजी अजून म्हणते, भाजी निवडताना. त्या चालीत आम्ही अभंग बसवला. पेटी नाहीच, पहिल्यापासून ठरलं होतं, फक्त खंजेरी अन् दोन टाळ. लोकांना वाटलं पेटी बिघडली म्हणून बाजूले ठेवली. ओवी ठेक्यात बसत नाही सर. ओळीच्या शेवटी आजी सूर लांबवते, मग श्वास घेते, कधी लांब कधी आखूड, जात्याचा खुंटा हातात असल्यासारखं. आठ मात्रात कोंबलं की ती मरते. म्हणून खंजेरीवाला ओळीच्या शेवटी थांबायचा, गाणाऱ्याचा श्वास ऐकून मग पुढची थाप. गाणाऱ्याने किती लांबवायचं ते ठरलेलं नाही. अडीच महिने केलं. पन्नास वेळा पडलं असेल तालमीत. त्या रात्री एकदाही पडलं नाही.

तुम्ही लिहिलं, 'दुसरे भजनही श्रवणीय झाले.'

वऱ्हाडी_ठेचा:
अरे बाप रे.

कापूसकोंड्या:
मी आज काहीच बोलत नाही.

झेडपीचा_मास्तर:
म्हणजे अवघड उडी मारली, पाणीही उडालं नाही, आणि परीक्षकाला वाटलं पोरगा पायरीवरून उतरला.

संत्राबाग:
आत्ता आठवायचा प्रयत्न करून रायलो आहे. खरंच आठवते. मांडव शांत होता. मी तेव्हा पहिल्या अभंगावर काय लिहायचं ते वहीत टिपत होतो. मान खाली होती. ओवीची चाल होती हे मला कळलं नाही. माझी आजीही दळायची, तरी कळलं नाही.

पुढच्या अंकात लिहितो. पण आधी परत ऐकायचं आहे, ऐकल्याशिवाय लिहिणार नाही. कुठे म्हणणार आहात?

भात्यावरचा_हात:
कार्तिकात काकड्याला सर, पहाटे साडेचारला. खुर्ची नाही राहणार, खाली बसा लागते.

खंजेरीवाली:
खंजेरी श्वासावर थांबवणं सोपं नाही. हात आपोआप पुढे जातो. तुझ्या खंजेरीवाल्याला विचारशील का तो थांबताना अंगठा कातड्यावर दाबतो की हातच उचलतो? आमच्याकडे दाबला की घुमारा मरतो.

भात्यावरचा_हात:
उचलतो ताई. दाबून पाहिलं होतं, तुम्ही म्हणता तसंच होते. तुमच्या मंडळाची तालीम कधी असते? त्याला घेऊन येतो.

खंजेरीवाली:
मंगळवारी अन् शनिवारी, दुपारी. चहा आहे, खर्रा नाही.

तुरीचं_वरण:
पोट्ट्या, आजीले इचारलं का चाल घेतली म्हून?

भात्यावरचा_हात:
तालमीले बसायची न आजी. तिचं म्हणणं आम्ही फार हळू म्हणतो, असं दळलं असतं तर घर उपाशी मेलं असतं.

पांढरी_चार, सर एक काम होतं. शाळेची पेटी आहे, तशीच वापस करता येत नाही. काळी तीनची स्प्रिंग कुठे भेटते?

पांढरी_चार:
एकच बदलू नको. एक तुटली म्हणजे बाकीच्याही टेकीला आल्या आहेत. पितळी तारेची घेजो, लोखंडी पावसाळ्यात जंगते. आणि भात्याचं कापडही पाहून घे, अखंड सूर चालू असूनही हवा पुरली म्हणतोस तर ते तरी बरं असावं. रविवारी बाजाराच्या दिवशी घेऊन ये, मी बसवून देतो. फोटो टाक आधी, झाकण उघडून.